कॅल्विन हॅरिसने फंक सोडलं, ते योग्य केलं का?

बेसवाला: हॅरिस म्हणजे डम्फ्रीझ या स्कॉटिश गावातला डीजे-संगीतकार. या पोराने घरबसल्या, जुन्या अमिगा कॉम्प्युटरवर 'आय क्रिएटेड डिस्को' (२००७) हा पहिला अल्बम केला. त्यातला बेस (खालच्या पट्टीचे सूर) ऐका. कोरडा, खट्याळ, आणि दोन सुरांमध्ये मुद्दाम सोडलेली जागा. फंकचा, म्हणजे बेसवर चालणाऱ्या नाचाच्या संगीताचा, जीव त्या जागेत असतो. २००९ मध्ये 'आयम नॉट अलोन' आलं तेव्हा ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या सिंथनी (सिंथेसायझरनी) ती जागा भरून टाकली. २०१२च्या 'एटीन मंथ्स' अल्बमपर्यंत तर गाणी एकाच साच्यातली झाली: हळू सुरुवात, चढत जाणारा आवाज, मग धडाका. मला हे अजूनही खुपतं.

तालवेडी: साफ असहमत. पहिल्या अल्बममधलं 'द गर्ल्स' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं होतं. म्हणजे लोकांना नाचवायचं हे पहिल्यापासून ठरलेलंच. आणि 'एटीन मंथ्स'मधलं 'वी फाउंड लव्ह' वाटतं तितकं सोपं नाही! रिहानाच्या तोंडी मोजकेच शब्द, तेच पुन्हा पुन्हा. बाकी सगळी घालमेल सिंथ सांगतो. अमेरिकेत ते १० आठवडे अव्वल होतं. असं गाणं बांधायला कारागिरी लागते.

बेसवाला: लोकप्रियतेशी माझं भांडण नाहीच. 'द गर्ल्स' गाजलंही आणि फंकीही होतं, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. 'एटीन मंथ्स'ची ९ गाणी ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेली, मायकल जॅक्सनचा विक्रम मोडला. पण जॅक्सनची 'बिली जीन'ची बेसलाइन कुणीही गुणगुणतं. या ९ मधली एक तरी गुणगुणून दाखवा.

रात्रीचा_श्रोता: २०१७चा 'फंक वेव्ह बाउन्सेस' अल्बम दोघांनी का वगळलाय? बहुतेक वाद्यं त्याने स्वतः वाजवलीत. 'स्लाइड'चा बेस ऐकून कोण म्हणेल याचं फंक संपलं?

तालवेडी: हेच म्हणते. मधल्या वर्षांत नाव झालं म्हणूनच फ्रँक ओशन, फॅरेल असे गायक एका अल्बमवर आले.

बेसवाला: 'स्लाइड' सुरेख आहे, शंकाच नाही. पण २०१७चं फंक उन्हात पहुडलेलं आहे, सगळे कोपरे घासलेले. पहिल्या अल्बममधल्या 'मेरीमेकिंग ॲट माय प्लेस'मध्ये बेस अंगावर येतो, हॅरिसचा स्वतःचा खडबडीत आवाज त्याच्याशी झटापट करतो. ती झटापट पाहुण्या गायकांच्या गर्दीत मला कुठेच सापडत नाही.