मदत हवी आहे: चार लाखांत जुनी पेट्रोल सेडान, मॅन्युअल गिअर, आणि डिकीत व्हीलचेअर मावायलाच हवी

नमस्कार मंडळी,

इथे वाचत असते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला देता येणार नाही म्हणून लिहितेय.

आम्ही पुण्यात कर्वेनगरला, आणि आईबाबा देवरुखला. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. आता बरेच सुधारलेत, बोलणं स्वच्छ आहे, आधाराने चार पावलं टाकतात, पण बाहेर व्हीलचेअरच लागते. दर दोन महिन्यांनी पुण्यात डॉक्टरांना दाखवायला आणावं लागतं. म्हणजे मी आधी जाऊन त्यांना घेऊन येणार, आठ-दहा दिवस आमच्याकडे राहणार आणि मग परत सोडून येणार. आतापर्यंत भाड्याची गाडी करत होतो, एका फेरीला नऊ-दहा हजार जातात आणि ड्रायव्हर घाईत असला की बाबांना बसवता-उतरवताना माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून ठरवलं की आपली गाडी घ्यायची, चालवणार मीच. नवरा कामानिमित्त बाहेर असतो बहुतेक वेळ.

बजेट सव्वातीन ते चार लाख, आरटीओ ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि लगेच निघणारं काम (टायर, बॅटरी वगैरे) धरून. एफडी मोडून रोख देणार आहोत, कर्ज नकोय. रनिंग महिन्याला सरासरी सात-आठशे किलोमीटर. रस्ता पुणे-कराड हायवे, मग पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, संगमेश्वर, देवरुख. तीनशेच्या वर किलोमीटर होतात आणि पावसाळ्यात कुंभार्लीत धुकं असलं की दहा फुटांवरचं दिसत नाही.

मॅन्युअलच हवी कारण मी चौदा वर्षं मॅन्युअल चालवतेय (आधी सासऱ्यांची मारुती ८००, मग ऑफिसला जायला आल्टो), घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनावर धरून ठेवायची सवय हाताला आहे, आणि या बजेटमधल्या जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स बिघडला तर तो खर्च मला झेपणार नाही. डिझेलचा विचार केला होता, ॲव्हरेज नक्कीच जास्त मिळेल, पण एवढ्या पैशात मिळणाऱ्या डिझेल गाड्या बहुतेक दीड लाखाच्या पुढे चाललेल्या आणि इंजेक्टर किंवा टर्बोचं काम निघालं तर वाचवलेले सगळे पैसे एका दिवसात जातील. माझ्या रनिंगला पेट्रोलच बरी असं वाटतं, चुकत असेन तर सांगा. सीएनजी मात्र नको, कारण डिकीत सिलेंडर असला की व्हीलचेअर कुठे ठेवू.

आता मुख्य मुद्दा. गाडी बघायला जाताना मी व्हीलचेअर बरोबर घेऊन जाते. फोल्डिंगची साधीच आहे, मोठ्या चाकांची, वजन सतरा-अठरा किलो. मागची चाकं २४ इंची, त्यामुळे मिटली तरी उंची काही कमी होत नाही. डिकी लिटरमध्ये किती हे मला आता पाठ झालंय, पण प्रत्यक्षात डिकीचं तोंड किती रुंद आहे आणि खालचा ओठ जमिनीपासून किती वर आहे यावर सगळं अवलंबून आहे, कारण खुर्ची मला एकटीला उचलून आत सरकवायची आहे.

आतापर्यंत बघितलेल्या गाड्या:

स्विफ्ट डिझायर, २०१४ ची, व्हीएक्सआय. ही २०१२ नंतरची आखूड शेपटीवाली, डिकी ३१६ लिटर. इंजिन गोड, क्लच मऊ, आमच्या गॅरेजवाल्या काकांनी लगेच पास केली. पण खुर्चीचे पाय ठेवायचे फूटरेस्ट काढले तेव्हा कुठे ती आडवी गेली आणि मग बाजूला एक बॅगसुद्धा बसेना. २०१७ नंतरच्या डिझायरची डिकी ३७८ लिटर आहे, पण चांगली गाडी चारच्या वर जातेय.

होंडा सिटी, २०१४ ची, १.५ पेट्रोल. डिकी ५१० लिटर, खुर्ची आणि दोन बॅगा आरामात. चालवायला तर इतकी सुंदर की मी तिथेच हो म्हणणार होते. पण बाबांना बसवून बघितलं आणि अडलं. सांगते कसं. बाबा गाडीकडे पाठ करून उभे राहतात, काच खाली केलेली असते, उजव्या चांगल्या हाताने दाराची चौकट धरतात आणि आधी कंबर सीटवर टेकवतात, मग मी डोकं वाकवून आत घेते, उजवा पाय ते स्वतः घेतात, डावा मी उचलून आत ठेवते. सिटीची सीट खाली आहे, त्यामुळे टेकताना शेवटची चार बोटं ते धपकन पडले. उतरताना तर उठताच येईना. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही त्यांनी, "चांगली आहे गं गाडी" म्हणाले. मी नाही सांगून आले.

टोयोटा इटिऑस, २०१५ ची, 'जी' व्हेरियंट, पेट्रोल. डिकी ५९५ लिटर. खुर्ची फूटरेस्टसकट आडवी आत गेली, बाजूला तांदळाची पन्नास किलोची गोणी आणि बॅगा मावतील एवढी जागा उरली. सीट सिटीपेक्षा वर, बाबा एका दमात बसले आणि दार धरून स्वतः उठले. ते उठल्यावर आईने माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मनात ठरलं की हीच. पण ती गाडी कागदपत्रांत अडकली. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलं, पण आरसीवरून बँकेचा बोजा उतरवलेलाच नाही, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणून देतो म्हणत तीन आठवडे गेले. सोडली.

सियाझ आणि अमेझ अजून बघायच्या आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं, कारण इथल्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. पहिल्याच वेळी आम्ही एका डीलरकडे फसलो. मीटरवर ४३ हजार, गाडी चकाचक, पाच हजार टोकन दिलं. घरी येऊन फोटो बघताना लक्षात आलं की क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय आणि स्टीअरिंगची डावी कड चकाकतेय. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर सहा वर्षांपूर्वीच सर्व्हिसला ८८ हजारांची नोंद. डीलर म्हणाला मीटर बदललाय, आणि बोलताना सगळं माझ्या भावाकडे बघून, जणू गाडी घेणारी मी नाहीच. टोकन परत मिळालं नाही. तेव्हापासून सर्व्हिस रेकॉर्ड बघितल्याशिवाय एक रुपया देत नाही, आणि शक्यतो थेट मालकाकडूनच घ्यायचं ठरवलंय.

तर प्रश्न असे. इटिऑस बंद होऊन (२०२०) काही वर्षं झाली, पार्ट्सचा त्रास होतो का, विशेषतः कोकणात? एक लाख किलोमीटर झालेली पेट्रोल घ्यावी का? आणि २०१३ ची स्वस्त मिळाली तर घ्यावी का, कारण २०२८ ला पंधरा वर्षं होऊन रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) आणि ग्रीन टॅक्स येईल, त्यापेक्षा पन्नास हजार जास्त देऊन २०१६ ची बरी?

कृपया एसयूव्ही सुचवू नका, बाबांना वर चढता येत नाही.

---

प्रतिसाद:

ताई, बाबांना लवकर पूर्ण बरं वाटो.

आमच्याकडे साताऱ्यात २०१४ ची इटिऑस पेट्रोल आहे, १ लाख २८ हजार झालेत. इंजिनाला हात लावलेला नाही, टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची भानगड नाही. क्लच प्लेट ९५ हजारला टाकली, पुढचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश दोनदा, बास. ऑइल वेळेवर बदललं असेल तर लाखभर किलोमीटरला घाबरू नका. पार्ट्सला मला तरी कधी थांबावं लागलं नाही, रोजच्या लागणाऱ्या वस्तू सगळीकडे मिळतात. आतून साधी आहे, रस्त्याचा आवाज येतो, मीटर मधोमध असल्यामुळे पहिला आठवडा नजर चुकते, नंतर सवय होते.

एकच मोठी सावधगिरी, इटिऑस टुरिस्टमध्ये प्रचंड चालली. पिवळ्या पाटीची गाडी पांढरी करून विकतात. आरसी आणि एम परिवहन ॲपवर नोंद बघाच, शिवाय मागची सीट पुढच्या डाव्या सीटपेक्षा जास्त दबलेली आहे का, टपावर बुजवलेली भोकं आहेत का, इंजिनाजवळ स्पीड गव्हर्नर (टुरिस्ट गाडीचा वेग मर्यादेत ठेवणारं यंत्र) काढल्याच्या खुणा आहेत का हे बघा. २०१३ चा मोह नको, २०१५-१६ बघा. आणि एअरबॅग-एबीएस व्हेरियंटनुसार तपासा, तेव्हा सक्ती नव्हती, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत फरक सापडतो.

---

प्रतिसाद:

वॅगनआर का नाही? सीट उंच आहे, वयस्कर माणसांना सगळ्यात सोपी.

---

प्रतिसाद:

मी कोल्हापूरचा, म्हणून हे सांगणं कर्तव्य समजतो. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पूर आला, २०२१ ला चिपळूण आणि महाडसुद्धा बुडालं. पाण्यात गेलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून परत बाजारात आल्या आणि त्या त्याच गावात नाही विकल्या, पुण्या-मुंबईकडे गेल्या. तेव्हा एमएच ०८, ०९, १० (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) पासिंग असेल तर जास्त बघा, नसेल तरी बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीटखालच्या पट्ट्या आणि बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याचा डाग आहे का. एसी लावून दोन मिनिटं काचा बंद करून बसा, कुबट वास आला की उठा आणि घरी जा. इन्शुरन्स क्लेमची माहितीही मागा.

टायरवर शेवटचे चार आकडे असतात, २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, मीटर ३५ हजार आणि टायर मात्र नंतरचे निघाले तर का बदलले ते विचारायचं. क्लच बघायला चढ शोधा, तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही म्हणजे प्लेट गेली, किमतीतून कमी करून घ्या.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवसांत इतकी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं.

वॅगनआरबद्दल: बसवून बघितलं, बाबांना खरंच सगळ्यात सोपी गेली, तुमचं बरोबर आहे. पण व्हीलचेअर ठेवली की मागे दुसरं काही मावत नाही, आणि आमच्याबरोबर कमोड खुर्ची, दहा दिवसांच्या बॅगा आणि येताना आईने बांधून दिलेलं सगळं असतं. मागची सीट पाडली तर आई कुठे बसणार. बाबा एकटे असते तर तीच घेतली असती.

सीट बेल्ट ओढायचं कालच करून बघितलं, एका अमेझला. गाडी दिसायला एकदम स्वच्छ, पण बेल्टच्या मुळाशी बोटभर तपकिरी पट्टा आणि ड्रायव्हर सीटखालचा बोल्ट लाल गंजलेला. मालकाला विचारलं तर गप्प बसला. कोल्हापूरच्या दादांनी लिहिलं नसतं तर ती गाडी आज आमच्या दारात असती.

आता कराडला एक इटिऑस आहे, २०१६ ची, पेट्रोल, दोन एअरबॅग आणि एबीएस, मालक निवृत्त शिक्षक (गाडीचे दुसरे मालक), ७४ हजार किलोमीटर. सर्व्हिस रेकॉर्ड फोनवर मागवला, दरवर्षीच्या नोंदी आहेत आणि आकडे चढत गेलेत. बोजा नाही, ई-चलान नाही, टुरिस्टची नोंद नाही. नंबर प्लेट नवी हाय सिक्युरिटीची लावलेली आहे. मागतायत तीन साठ, मी तीन तीसपासून बोलणार आहे कारण चारही टायर २०१९ चे आहेत आणि ते मला लगेच बदलावे लागतील. बरोबर आहे ना एवढं कमी मागणं? मालकी बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या त्याच दिवशी घेणार, डिलिव्हरी नोट तारीख-वेळ टाकून करणार आणि इन्शुरन्स नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज टाकणार. जुन्या मालकांचा नो क्लेम बोनस मला मिळणार नाही हे माहीत आहे, ते पैसे धरलेत.

रविवारी सकाळी आठला पोचतोय. सरांना सांगून ठेवलंय की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, थंड इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं ते बघायचंय. बाबांना आई आणि मामा कुंभार्लीमार्गे घेऊन येतायत, खुर्ची त्यांच्याकडे आहे. आमचे गॅरेजवाले काका येऊ शकत नाहीयेत. कुणाला कराडमधले भरवशाचे मेकॅनिक माहीत असतील, रविवारी तासभर येऊ शकतील असे, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यांची फी देईन.