मदत हवी आहे: काड्यांनी बरोबर, वहीत चूक (तिसरी, वजाबाकी)

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवतो. वर्गात एक पोरगा आहे, बाकावर पाच मिनिटं टिकत नाही. घरी केळीची बाग. मागे केळीचा घड वर्गात आणला, तर माझं बोलणं संपायच्या आत फण्यांवरून हात फिरवून म्हणाला, "नऊ शेतस गुर्जी!" बाकीचे अजून बोटांवरच मोजत होते.

तर अडचण अशी. पऱ्हाटीच्या काड्या वीतभर तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेत. ५२ - २७ दिलं, की हा पाच गठ्ठे नि दोन सुट्या काड्या मांडतो, एक गठ्ठा सोडतो, सत्तावीस उचलतो, उरले २५. एकदम बरोबर. तेच उदाहरण वहीत दिलं की उत्तर ३५! सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. रोज हेच. व्हरांड्यात खडूने ० ते १०० ची पट्टी आखून उड्याही मारून घेतल्या. त्याला मजा आली, वहीत फरक शून्य. शेजारच्या वर्गाचे सर म्हणतात, तुमच्याकडे बाजार भरतो. (भरतो, खरं आहे.)

प्रशिक्षणात ऐकलं होतं की काही मुलं हालचालीतून, स्पर्शातून शिकतात. हा त्यातलाच दिसतो. पण परीक्षेत काड्या कुठून देऊ? हातातलं कागदावर कसं उतरवायचं?

---

तापीकाठ: सर, आधी ते 'त्यातलाच' काढून टाका. मूल ज्या प्रकारचं, त्या प्रकारेच शिकवलं तर जास्त शिकतं, या समजुतीचा २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी आढावा घेतला होता. तिला पुरेसा पुरावा सापडला नाही. काड्या सगळ्यांनाच द्या. ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने शिकण्याचे कृती, चित्र, चिन्ह असे तीन टप्पे सांगितलेत. तुम्ही मधला गाळलाय. गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्या काडीला टिंब, असं आधी पाटीवर काढून घ्या. गठ्ठा सोडला की एक रेघ खोडून दहा टिंबं.

आणि काड्या आधी, वही नंतर, असं करू नका. दोन्ही शेजारी हवं. गठ्ठा सोडला, त्याच क्षणी पाच खोडून चार लिहायचं आणि दोनाचे बारा करायचे. सोडून झाल्यावर लिहायला लावलं, तर त्याच्या लेखी ती दोन वेगळी कामं आहेत.

चिंचोके: माझी लेक पण अशीच होती. मी काड्या पिशवीत घालून स्वतःकडे ठेवायची. ती नुसती हुकूम द्यायची, "मम्मी, एक गठ्ठा सोड." डोळ्यांना दिसत नाही म्हटल्यावर मनात मांडावंच लागायचं. आठवड्याभरात पिशवी उघडायची गरज कमी झाली.

अजून एक विचारते. तो बावन्न ऐकून २५ लिहितो का? आपल्याकडे बोलताना एकक आधी येतो. म्हणून तर २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास दोन' दिलं होतं. लोकांनी तेव्हा किती थट्टा केली, पण घरी आम्हाला तेच कामी आलं. आणि सर, नजर-कान तपासून घेतलेत का? बसत नाही म्हणजे फळा दिसत नाही, असंही असतं.

---

धागाकर्ता: ताई, सर, आभार. नजर-कान ठीक आहेत, आरोग्य तपासणीत पाहिलं होतं. बावन्नचं तुम्ही म्हणता तेच निघालं, दोनदा २५ लिहिलं. 'पन्नास दोन' म्हटल्यावर लगेच सुधारलं.

रेघा-टिंबं पाच दिवस केली. आता सातपैकी चार उदाहरणं वहीत बरोबर येतात, पण लिहिताना डावा हात बाकाखाली गठ्ठा सोडल्यासारखा हलतो. मी तसाच हलू देतोय. ३५ मात्र परत आलं नाही.

नवीन घोळ: ४० - १६. एककात सुटी काडीच नाही, तर तो थांबून माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "गुर्जी, कोणती सोडू?" शून्याला टिंब कसं दाखवता तुम्ही?