मदत हवी आहे: होकायंत्राशिवाय दिशा कशी ओळखायची? घड्याळाची युक्ती फसली

पाऊलखूण

नमस्कार मंडळी,

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे जंगलातल्या एका वाटेने निघालो होतो. माझा चौदा वर्षांचा भाचाही बरोबर होता, म्हणूनच हा प्रसंग अजून डोक्यातून जात नाहीये.

एक ओढा ओलांडला आणि पुढे पायवाट पाचोळ्याखाली हरवली. एकाच्या फोनची बॅटरी संपलेली, दुसऱ्याच्या फोनमध्ये नकाशा उघडेना. होकायंत्र कोणाकडेच नव्हते. एवढे मात्र ठाऊक होते, की दक्षिणेला साधारण ३ किलोमीटरवर डोंगरधारेत खिंड आहे आणि आमची वाट तिथूनच बाहेर पडते.

लहानपणी शिकलेली युक्ती मला आठवली. घड्याळ आडवे धरायचे, तासकाटा सूर्याकडे करायचा आणि तासकाटा व १२ चा आकडा यांच्या बरोबर मधली दिशा म्हणजे दक्षिण. सकाळचे दहा वाजले होते, ऊन लख्ख होते. मी दिशा काढली आणि सगळे माझ्या भरवशावर निघाले. पाऊण-एक तास चाललो, खिंड नाही. समोर धार होती, पण तिला नुसता उभा कडा. मग आलो तसेच मागे फिरलो, ओढ्याचा आवाज धरून पुन्हा ओढ्यापर्यंत आलो आणि सकाळच्याच वाटेने परतलो. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. भाचा काही बोलला नाही, पण शेवटचा तासभर त्याने माझा हात सोडला नव्हता.

घरी येऊन नकाशा काढला तर आम्ही दक्षिण समजून चाललो ती चक्क आग्नेय होती.

मला समजून घ्यायचे आहे: माझे काय चुकले? खात्रीने चालणारी पद्धत कोणती? झाडाच्या उत्तरेला शेवाळ असते यात कितपत तथ्य आहे? आणि रात्र झाली असती तर काय करायला हवे होते? संदर्भासाठी, ती जागा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे.

मध्यान्ह

अक्षांश लिहिलात हे फार बरे केलेत. तुमचे उत्तर त्यातच आहे. युक्ती तुम्ही अगदी बरोबर वापरली, ती युक्तीच तिथे चालत नाही.

तासकाटा ताशी ३० अंश फिरतो, सूर्य आकाशात ताशी १५ अंश सरकतो. म्हणून कोन निम्मा करायचा. पण यात एक गृहीत लपलेले आहे: सूर्य क्षितिजाला समांतर, सारख्या वेगाने फिरतो असे. ध्रुवांजवळ तसे होते. विषुववृत्ताकडे यावे तसे ते बिघडत जाते, कारण तिथे सूर्य सकाळी बाजूला न सरकता जवळजवळ सरळ वर चढतो. विषुवदिनी विषुववृत्तावर तो सकाळभर पूर्वेलाच असतो आणि दुपारी डोक्यावरून थेट पश्चिमेत जातो. घड्याळाचा काटा त्याच्याबरोबर कसा जुळणार?

तुमच्या दिवसाचे गणित करून पाहिले. १९ अंश अक्षांश, विषुवदिनाच्या आसपासची तारीख, आणि सौरवेळ (सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा १२ वाजले असे मानून मोजलेली वेळ) १० धरली तर खरी दक्षिण सूर्याच्या उजवीकडे ६० अंशांवर असते. घड्याळ सांगते ३० अंश. म्हणजे ३० अंशांची चूक, आणि ३ किलोमीटर चाललात तर दीड किलोमीटर बाजूला. तुमच्या घड्याळातले १० म्हणजे सूर्याचे १० नसतील तर चूक आणखी मोठी.

जूनमध्ये तर याहून वाईट होते. त्या दिवसांत १९ अंशांवर सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेकडून जातो आणि सकाळी दहाला तो पूर्वेच्याही थोडा उत्तरेला असतो. तेव्हा घड्याळाची 'दक्षिण' जवळजवळ पूर्वेला येते. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात ही युक्ती वापरू नये, एवढेच मी आग्रहाने सांगेन.

नवशिकी

बाप रे, मी हे मुलांना शिकवते! मग 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे तरी धरून चालावे का?

मध्यान्ह

ढोबळमानाने धरा. बरोबर पूर्वेला तो वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. १९ अंशांवर जूनअखेरीस तो पूर्वेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, डिसेंबरअखेरीस तेवढाच दक्षिणेकडे. महिना लक्षात ठेवून उगवतीकडे पाहिले तर ही चूक मनातल्या मनात दुरुस्त करता येते.

पाऊलखूण, आता चालणारी पद्धत सांगतो. सपाट जागेत काठी उभी रोवा. सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. वीस-पंचवीस मिनिटे थांबा, नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. पहिला खडा पश्चिम, दुसरा पूर्व. पहिला डाव्या हाताला आणि दुसरा उजव्या हाताला येईल असे उभे राहिलात की तोंड उत्तरेला. सूर्य उत्तरेकडून जावो की दक्षिणेकडून, हे बदलत नाही. दुपारच्या आसपास ही रेघ अगदी अचूक येते. भल्या सकाळी आणि संध्याकाळी ती तिरकी असते, आणि सर्वांत जास्त तिरकी जून-डिसेंबरमध्ये.

हातात अर्धा दिवस असेल तर याहून सुंदर पद्धत आहे. कात्यायन शुल्बसूत्रात ती दिली आहे. शंकू, म्हणजे उभी खुंटी, रोवायची. खुंटीच्या उंचीएवढ्या दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक आत येताना वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर जाताना शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळाली. यात अक्षांश लागत नाही, तारीख लागत नाही, घड्याळही लागत नाही. अरबी खगोलशास्त्रज्ञ या रचनेला 'हिंदी वर्तुळ' म्हणत.

कडेकपारी

मध्यान्ह यांचे सगळे पटले, पण अनेक वर्षे गट घेऊन हिंडल्यावर मला दुसरीच काळजी वाटते. उत्तर कुठे आहे हे कळले म्हणून आपण कुठे आहोत हे कळत नाही. पाऊलखूण, तुमची दिशा अचूक असती तरी खिंड हुकण्याची शक्यता होतीच. खिंड म्हणजे ठिपका. झाडीतून ३ किलोमीटर चालून ठिपका गाठणे होकायंत्र असूनही कठीण असते.

असे करायचे: ठिपक्यावर नेम धरायचाच नाही. मुद्दाम खिंडीच्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे, चांगले अंतर ठेवून चालायचे. धारेला पोहोचलात की खिंड नक्की डावीकडे आहे हे माहीत असते. मग धार उजव्या हाताला ठेवून डावीकडे वळायचे. नेम सरळ धरला आणि हुकला, तर डावीकडे जावे की उजवीकडे हेच कळत नाही, आणि माणसे तिथेच दिवस घालवतात.

सरळ चालण्याबद्दलही. आपल्याला वाटते आपण सरळ चाललो आहोत, पण खूण नसेल तर माणूस गोल फिरतो. २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी लोकांना जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात चालायला लावून हे तपासले. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. जंगलात ढग आले तसे ते गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागले, आणि ते त्यांच्या लक्षातही आले नाही. त्यामुळे ओळीत येणारी तीन झाडे धरा. पहिल्यापाशी पोहोचण्याआधी त्याच रेषेत पुढचे एक निवडा. दर थोड्या वेळाने मागे वळून बघा, कारण परतताना वाट उलटीच दिसते.

तुम्ही एक गोष्ट फार चांगली केलीत, तिच्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. चुकतेय हे कळल्यावर पुढे रेटले नाही, ओळखीच्या ओढ्याकडे परत आलात. मात्र अनोळखी ओढा धरून खाली उतरत जाऊ नका. 'पाण्याबरोबर गेले की वस्ती लागते' हा सल्ला सपाट मुलखात ठीक आहे. डोंगरात ओढा कड्यावरून उडी घेतो आणि तुम्ही अशा ठिकाणी अडकता, जिथून ना वर जाता येते ना खाली. अशा मुलखात सोंडेवरून, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवरून, उतरणे बरे.

शेवाळाचे विसरा. ते ओल आणि सावली शोधते. दमट जंगलात बुंध्याला चारही बाजूंनी असते.

तारकामैत्री

रात्रीचे मी सांगते. ध्रुवतारा सगळ्यांत तेजस्वी नाही, हे आधी मनात पक्के करा. त्याच्यापेक्षा ठळक चाळीसेक तारे आहेत. पण तो खऱ्या उत्तरेपासून एक अंशही ढळत नाही, आणि त्याची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाएवढी असते. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. म्हणजे १९ अंशांवर ध्रुव दोन मुठींच्या उंचीवर. इतक्या खाली झाड, डोंगर किंवा धुरकट हवा त्याला सहज झाकते, म्हणून आजूबाजूच्या खुणा माहीत हव्यात.

सप्तर्षींच्या चौकोनातले पुढचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, यांना जोडून क्रतूच्या पुढे तेवढेच अंतर पाच वेळा मोजा. ध्रुव सापडतो. तुम्ही हरवलात त्या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी ईशान्येला वर येत असतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते दिसत नाहीत, तेव्हा ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूचा शर्मिष्ठा हा तारकासमूह वर असतो.

मृग तर माझे सर्वांत आवडते. त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी जो आधी उगवतो, तो जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. कुठल्याही महिन्यात, कुठल्याही अक्षांशावर. सूर्याला जे जमत नाही ते या ताऱ्याला जमते! आणि दक्षिणेसाठी त्रिशंकू हा तारकासमूह. मेच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तो क्षितिजापासून मूठभर उंचीवर ताठ उभा दिसतो. ताठ उभा असताना त्याच्या पायथ्याशी दक्षिण.

नवशिकी

आणि चंद्र? कोरीची दोन टोके जोडून रेघ खाली आणली की दक्षिण मिळते, असे ऐकले आहे.

तारकामैत्री

उत्तरेकडच्या देशांत ते बरे जमते. आपण ज्या अक्षांशांबद्दल बोलतोय तिथे कोर बऱ्याचदा होडीसारखी आडवी असते, मग ती रेघ भलतीकडेच जाते. त्यापेक्षा चंद्राची उजळ बाजू बघा. ती नेहमी सूर्याकडे असते. शुक्ल पक्षात संध्याकाळी उजळ बाजू पश्चिमेकडे, कृष्ण पक्षात पहाटे पूर्वेकडे. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेकडून वर येतो. ढोबळ दिशेला एवढे पुरते.

कडेकपारी

एक जोड. रात्री तारे बघून दिशा जरूर ओळखा, पण अंधारात चालू नका. दगडांची खूण करून ठेवा, झोपा, उजाडल्यावर निघा. मूल बरोबर असेल तर हे अधिकच पाळा. आणि शिट्टी ठेवा: मिनिटभरात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचे. ही संकटाची खूण आहे. उत्तर म्हणून मिनिटाला तीन शिट्ट्या येतात.

फोनबद्दल थोडक्यात: उपग्रहावरून जागा कळायला नेटवर्क लागत नाही, नकाशा मात्र आधी उतरवून ठेवावा लागतो. तुमच्या दुसऱ्या फोनमध्ये बहुतेक तेच झाले असणार.

पाऊलखूण

सगळ्यांचे मनापासून आभार. फोनचे तसेच झाले होते, नकाशा उतरवलेलाच नव्हता.

मी आणि भाच्याने एप्रिलच्या पहिल्या रविवारी मोकळ्या मैदानात शंकू करून पाहिला. ६० सेंटीमीटरची काठी, ओळंबा लावून उभी केली, तेवढ्याच दोरीने वर्तुळ. सावली वर्तुळाला सकाळी ९:४१ ला शिवली आणि दुपारी ३:३३ ला. दोन खुणा जोडल्या, मधोमध काटकोनात उत्तर-दक्षिण रेघ काढली आणि तिच्यावर दोन काठ्या उभ्या करून ठेवल्या. रात्री दक्षिणेकडच्या काठीमागे जमिनीलगत बसून पाहिले. ध्रुव दोन्ही काठ्यांच्या रेषेत होता. भाच्याने मूठ धरून मोजले, दोन मुठींना थोडा कमी. त्याने ते तीनदा मोजले.

एक अडचण आली. सावलीचे टोक पुसट होते, सेंटीमीटरभर तरी. नेमकी खूण कुठे करावी कळेना.

मध्यान्ह

किती छान केलेत हे! आणि तुमच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघाली. ९:४१ आणि ३:३३ यांचा मध्य १२:३७. म्हणजे तुमच्याकडे सूर्याची खरी दुपार घड्याळातल्या १२:३७ ला होते. मार्चमध्ये ती आणखी पाच-सहा मिनिटे उशिरा होती. तुम्ही दहा वाजता दिशा काढलीत तेव्हा सूर्याचे सव्वानऊच वाजले होते. या हिशेबाने चूक ३० नव्हे, ४० अंशांच्या जवळ जाते, आणि ३ किलोमीटरला बाजूचे अंतर जवळजवळ दोन किलोमीटर. नकाशावर आग्नेय का दिसली ते आता पूर्ण जुळले.

टोक पुसट असणारच. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड विरळ होत जाते. काठीच्या टोकावर एक जाडसर पान अडकवा आणि काठीच्या अगदी जवळ त्याला काट्याने बारीक भोक पाडा. पानाच्या सावलीत उजेडाचा गोल ठिपका पडेल. त्या ठिपक्याच्या मध्यावर खूण करा.

पाऊलखूण

पान अडकवून ठेवले आहे. उद्या आभाळ स्वच्छ असेल तर साडेनऊपासून बसतो दोघे.