केबल कार संग्रहालयात ठेवण्याची वस्तू नाही

डोंगरवाट:
गेल्या आठवड्यात ‘जमाखर्च’ यांनी येथे लिहिले की, शहराची बस-ट्राम सेवा चालवणाऱ्या म्युनीपुढे ३० कोटी डॉलरहून अधिक तूट उभी असताना सॅन फ्रान्सिस्कोने रस्त्यातल्या रुळांवरून दोराने ओढल्या जाणाऱ्या केबल कार आणि मार्केट स्ट्रीटवरच्या जुन्या ट्राम चालवत राहणे ही चैन आहे. त्यांतल्या चार-दोन गाड्या संग्रहालयात ठेवाव्यात, बाकीच्या बंद कराव्यात आणि पैसा बसकडे वळवावा. ते वाचल्यापासून मला स्वस्थता नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी अकरा वर्षे कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या केबल कारने कामाला जात आहे. म्युनीचा महिन्याचा पास तिला चालतो. सकाळी साडेसातच्या गाडीत हॉटेलांतले कर्मचारी असतात, परिचारिका असतात, आणि बहुतेकांचे चेहरे मला ओळखीचे झाले आहेत. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे गाड्या थांबल्या आणि पुन्हा सुरू होईपर्यंत जवळजवळ दीड वर्ष गेले. रुळांमधल्या फटीखाली ताशी साडेनऊ मैलांनी धावणारा दोर सतत घुमत असतो; गाडी ‘ग्रिप’ या चिमट्याने तो पकडून पुढे जाते. त्या दीड वर्षात रस्ता ओलांडताना तो आवाज येत नसे, आणि दर वेळी मला चुकल्यासारखे होई.

‘जमाखर्च’ यांचा हिशेब नवा नाही. १९४७ मध्ये महापौर रॉजर लॅपहॅम यांनी हाच मांडला होता: केबल कार तोट्यात आहेत, बस स्वस्त पडेल. फ्रीडेल क्लुसमन या गृहिणीने स्त्रियांच्या संघटना गोळा करून समिती स्थापली, प्रश्न मतदानाला नेला, आणि १ लाख ६६ हजार ९८९ विरुद्ध ५१ हजार ४५७ मतांनी शहराने महापौरांना उत्तर दिले. ज्या बसगाड्यांसाठी केबल कार काढायच्या होत्या, त्या केव्हाच भंगारात गेल्या आहेत.

संग्रहालयात गाडी उरेल, ग्रिप धरणारा हात उरणार नाही. पॉवेल स्ट्रीटची गाडी चढ चढून कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या चौकात येते, तेव्हा ग्रिपमनला दोर सोडून द्यावा लागतो, गाडीच्या अंगच्या वेगावर चौक ओलांडावा लागतो आणि पलीकडे दोर पुन्हा पकडावा लागतो. हे पुस्तकातून येत नाही. एकाने दुसऱ्याला उतारावर उभे राहून शिकवावे लागते, आणि एका पिढीचा खंड पडला की ते संपते.

जमाखर्च:
मी काय लिहिले ते आधी नीट वाचावे, अशी विनंती आहे. मी शहराच्या रिचमंड भागात राहतो आणि रोज ३८ क्रमांकाच्या गिअरी बसने प्रवास करतो. त्या बसमध्ये संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्याच गिअरी स्ट्रीटवर १९५६ पर्यंत ट्राम होती, रोज हजारो कामकऱ्यांना नेणारी. ती वाचली नाही. शहराने टेकडीवरच्या देखण्या गाड्या राखल्या आणि सपाटीवरची उपयोगाची गाडी घालवली, हा इतिहास तुमच्या लेखात कोठेही येत नाही.

१९८२ मध्ये केबल कारची सगळी यंत्रणा उखडून नव्याने बसवावी लागली. सुमारे ६ कोटी डॉलर लागले आणि जून १९८४ पर्यंत सेवा बंद होती. म्हणजे जे आपण वारसा म्हणून मिरवतो, त्याचा रूळ, दोरांच्या वाटा, चाके असा बराचसा भाग त्या वर्षांतला आहे. एका फेरीचे भाडे बसभाड्याच्या दुपटीहून अधिक आहे. तुमच्याकडे पास आहे हे ठीक; माझ्या शेजारच्या सफाई कामगार बाईंकडे तो प्रत्येक महिन्याला असतोच असे नाही.

सांधेवाला:
गिअरीबद्दल ‘जमाखर्च’ यांचे म्हणणे खरे आहे, पण त्यातून ते चुकीचा निष्कर्ष काढत आहेत. जे, के, एल, एम, एन हे पाच ट्राममार्ग टिकले, कारण त्यांतल्या बहुतेकांना बोगदे होते (ट्विन पीक्सचा १९१८ चा, सनसेटचा १९२८ चा) आणि बोगद्यातून बस नेणे अडचणीचे होते. गिअरीला बोगदा नव्हता. केबल कार वाचली म्हणून गिअरीची ट्राम मेली, असा संबंध नाही.

शिवाय १९८२ ते १९८४ हा बंदकाळच जुन्या ट्रामच्या एफ मार्गाचा उगम आहे. केबल कार नाहीत तर पाहुण्यांना दाखवायचे काय, म्हणून १९८३ च्या उन्हाळ्यात मार्केट स्ट्रीटवर जुन्या ट्रामचा उत्सव भरवला गेला. लोकांनी तो इतका उचलून धरला की १९९५ मध्ये कॅस्ट्रोपर्यंत कायमचा एफ मार्ग सुरू झाला आणि २००० मध्ये तो फिशरमन्स वॉर्फपर्यंत पोहोचला. मिलानची १९२८ ची नारिंगी गाडी तेथे साध्या बसभाड्यात धावते. चैन म्हणून चालवलेली गाडी नियमित वाहतूक कशी होते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

गिरगावचा_कट्टा:
सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्यांनी भांडावे, पण मुंबईत काय झाले ते विसरू नये. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची, १९२० मध्ये दुमजली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गाडी गेली. माझे आजोबा त्या रात्री रस्त्यावर उभे होते. गर्दीत माणसे रडत होती, असे ते सांगत, आणि सांगताना त्यांचाही आवाज बदलत असे. आज बसच्या पाटीवर ‘दादर टी.टी.’ वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की दुसरा ‘टी’ टर्मिनसचा आणि पहिला ट्रामचा?

भाटिया बागेत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर, आठवण म्हणून एक ट्राम उभी केली आहे. ती मुंबईची नाही, कोलकात्याहून आणलेली आहे. नव्वद वर्षे ट्राम चालवलेल्या शहराला स्वतःची एक गाडी चौकात उभी करता आली नाही! २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जुन्या दुमजली डिझेल बस निघाल्या, तेव्हा पुन्हा तेच झाले: लोकांनी हार घातले, छायाचित्रे काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून रस्ता मोकळा. जमाखर्च पाहणाऱ्यांनी मुंबईची ट्राम घालवली, एवढेच मी म्हणेन.

जमाखर्च:
हा आरोप मला वैयक्तिक वाटतो आणि तो मी सहन करणार नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. लालबागच्या गर्दीत ट्राम अडली की मागच्या सगळ्या अडत, कारण ट्रामला वळसा घालता येत नाही. पाळी चुकली की दिवसाची मजुरी जाई. तुमचे आजोबा शेवटच्या ट्रामसाठी रडले असतील, माझ्या वडिलांना बस आल्याचा आनंद झाला होता. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. आपली तेवढी इतिहास आणि दुसऱ्याची तेवढी कंजुषी, असे कसे चालेल?

गिरगावचा_कट्टा:
ट्राम अडत होती ती मोटारी रुळांवर चढत होत्या म्हणून. रूळ मोकळे ठेवले असते तर तुमच्या वडिलांची पाळी चुकली नसती. दोष रस्ता वाटून देणाऱ्यांचा होता आणि शिक्षा गाडीला झाली.

तरीही त्यांची मजुरी गेली, हे मी नाकारत नाही. कंजुषीचा शब्द मी वापरला नव्हता, पण रोख तोच होता, आणि तो मागे घेतो.

पायरी:
मुंबईवरून परत येऊ या का? दोन वर्षांपूर्वी माझी आई पुण्याहून आली होती. तिला चाकाची खुर्ची लागते. युनियन स्क्वेअरवर आम्ही उभ्या राहिलो, तीन गाड्या समोरून गेल्या, आणि तिने मला विचारले, “यात आपल्याला कोण घेणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. उंच पायऱ्या, बाहेरची फळी, धरायला दांडा: केबल कारची रचनाच अशी आहे की माझ्या आईसारख्यांना तिच्यात जागा नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या गाडीबद्दल हे बोलायचे नाही का? वारशाचे प्रेम असणाऱ्या एकाही सदस्याने आतापर्यंत हा मुद्दा काढला नाही, याचे मला दुःख आहे.

सांधेवाला:
तुमचे बरोबर आहे आणि आम्ही ते आधी बोलायला हवे होते. केबल कारमध्ये यावर उपाय करणे फार कठीण आहे, कारण ती उंच केली किंवा खाली आणली तर ग्रिप, फट आणि ब्रेक यांचे सगळे गणित बदलते. रुळांवर लाकडाचे ठोकळे दाबून ती थांबते, आणि ते ठोकळे काही दिवसांतच झिजून बदलावे लागतात. इतके जुने तंत्र आहे ते. एफ मार्गावर मात्र निवडक थांब्यांवर उताराचे चौथरे बांधले आहेत आणि खुर्ची आत जाते.

याच कारणासाठी मी ‘डोंगरवाट’ यांच्याहून थोडा वेगळा आहे. नवा पैसा घालायचाच तर तो आधी एफ मार्गावर घालावा.

डोंगरवाट:
‘पायरी’ यांनी आईचा प्रसंग लिहिल्यावर माझा सकाळचा लेख मला अपुरा वाटू लागला आहे. अकरा वर्षांत माझ्या गाडीत मी एकही चाकाची खुर्ची पाहिली नाही, आणि ती का दिसत नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

पण ‘संग्रहालयात ठेवा’ याला माझा विरोध कायम आहे, आणि कारण कोलकात्याचे आहे. तेथे १९०२ पासून विजेची ट्राम धावत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले की एस्प्लनेड ते मैदान एवढाच तुकडा वारसा म्हणून ठेवायचा, बाकी बंद. ज्या गाडीने लोक बाजारात, शाळेत, कामाला जात, तिला वारसा म्हणायचे आणि त्याच वाक्यात तिचे मार्ग काढून घ्यायचे! सॅन फ्रान्सिस्कोत १९५० च्या दशकात तेच झाले होते. मतदान जिंकूनही मार्ग कापले गेले, आणि तीनच उरले. त्यानंतर लोकांनी १९७१ मध्ये सेवेची किमान पातळी शहराच्या सनदेत लिहून घेतली. तेवढ्या एका कलमावर माझी सकाळची गाडी उभी आहे.

जमाखर्च:
सनदेतले कलम मला ठाऊक होते आणि ते काढा असे मी म्हटले नव्हते, तरी ‘संग्रहालयात ठेवा’ या शब्दांचा अर्थ तोच होतो, हे आता मान्य करावे लागत आहे. तो शब्द मी परत घेतो. भाड्याबद्दल घेत नाही. शहरात राहणाऱ्याला, पास असो वा नसो, केबल कारमध्ये बसच्याच भाड्यात बसता आले पाहिजे. ते होईपर्यंत ती ‘सर्वांची’ आहे असे मला कोणी सांगू नये. आणि गिअरीची गर्दी तशीच आहे.

डोंगरवाट:
भाड्याच्या मागणीवर माझीही सही घ्या.

पायरी:
आई मार्चमध्ये पुन्हा येत आहे. एफ मार्गाच्या ज्या थांब्यांवर उतार आहे, त्यांची नावे कोणी लिहून पाठवाल का? मिलानची नारिंगी गाडी तिला दाखवायची आहे.

सांधेवाला:
आज संध्याकाळी मी स्वतः एम्बार्काडेरो या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून चालत जाऊन एकेक थांबा पाहतो आणि व्यक्तिगत निरोपात यादी पाठवतो. कोणती गाडी कोणत्या दिवशी निघेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे एक सकाळ पूर्ण मोकळी ठेवा.