आश्रमशाळांवर नीट संशोधन व्हायला हवं की आधी रिकाम्या जागा भरायला हव्यात?

रानवाट:
महाराष्ट्रात आदिवासी मुलांसाठीच्या सरकारी आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत, अनुदानित त्याहून थोड्या जास्त. लाखो आदिवासी मुलं घर सोडून तिथे राहतात, काही तर सहाव्या वर्षापासून. आणि इतक्या मुलांच्या आयुष्याचे निर्णय कसे होतात? शाळेची वेळ अकराची पावणेनऊ केली. काही शाळांचं जेवण मुंढेगाव आणि कांबळगावच्या सेंट्रल किचनमधून यायला लागलं, मग ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एकाच वेळी बऱ्याच आश्रमशाळांतल्या मुलांना विषबाधा झाली. वसतिगृहात मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा २०१८ मध्ये मुलं पुण्याहून नाशिकला चालत निघाली. यातलं काहीही आधी थोड्या शाळांत करून बघितलं, मुलांना विचारलं, मोजलं, मग ठरवलं असं मला तरी दिसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की पहिलीत आलेल्या मुलांचा दहावीपर्यंत मागोवा घ्या. कोण कधी शाळा सोडतं, दिवाळीनंतर आणि होळीनंतर कोण परत येत नाही, वजन-हिमोग्लोबिन किती, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली का, आईबापाशी फोनवर बोलायला मिळतं का, वर्गात मुलाची भाषा येणारं कुणी आहे का. आणि जे निघेल ते ग्रामसभेत पालकांसमोर त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, नुसतं नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयात ठेवू नका.

डोंगरमास्तर:
ताई, तळमळ कळते पण मी नाही सहमत. मी आश्रमशाळेतच शिकवतो. सर्वेवाले येतात, फॉर्म भरून घेतात, मुलांना ओळीत बसवून फोटो काढतात आणि जातात, पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळत नाही. काय शोधायचंय अजून? मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या अधीक्षिकेची जागा रिकामी आहे, रात्री मुलीला ताप भरला तर कुणाला उठवायचं हा प्रश्न आहे, आणि उठवलं तरी दवाखान्यात न्यायला गाडी नाही. स्वयंपाकी, कामाठी वर्षानुवर्षं रोजंदारीवर, त्यांना कायम करायचं सोडून बाहेरच्या कंपनीकडून माणसं भरायचं निघालं, म्हणून नाशिकला बिऱ्हाड मांडून बसायचं आंदोलन झालं. डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्येच आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंवर अहवाल दिलाय, तो आधी अंमलात आणा ना. मला भीती ही वाटते की संशोधन चालू आहे म्हणून फाईल थांबवायला अजून एक कारण मिळेल.

मोहफूल:
मी मेळघाटातली, कोरकू. आश्रमशाळेत शिकले, आता नर्स आहे. पहिलं वर्षभर सर काय बोलतात ते मला कळायचं नाही, मोठ्या मुली कानात सांगायच्या आणि बोलताना पकडल्या गेल्या की त्यांनाच मार. जुलैत पावसात दोन पोरं पळून घरी गेली तर त्यांना आणून सगळ्यांसमोर उभं केलं, का पळाली हे कुणी विचारलं नाही. पण हेही लिहिते की ती शाळा नसती तर मी आज हे लिहायला नसते, आमच्या गावात चौथीच्या पुढे काही नव्हतंच. म्हणून बंद करा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

संशोधन करा, पण आम्हाला घेऊन करा. शिकून बाहेर पडलेली आमची इतकी मुलंमुली आहेत, प्रश्न त्यांना काढू द्या, मुलाखती त्यांना घेऊ द्या. पोर साहेबाला सांगणार नाही ते आम्हाला सांगेल.

गावशाळा:
मुळात सहा वर्षांचं लेकरू होस्टेलात ठेवायचंच का? यावर कुणी बोलतच नाही. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) म्हणतो प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, आणि २०१७ मध्ये सरकार दहापेक्षा कमी पटाच्या शाळा बंद करायला निघालं, त्यात डोंगरातल्या पाड्यांच्या शाळा सगळ्यात आधी जाणार हे उघड होतं. जवळची शाळा गेली की आईबाप नाईलाजाने आश्रमशाळेत टाकतात आणि आपण म्हणतो पटसंख्या वाढली. पहिली ते चौथी पाड्यावर, त्यांच्या भाषेत, तिथल्याच शिक्षकाकडून शिकवा. जे मुळात चूक आहे त्यावर संशोधन करून ते फक्त जरा बरं दिसेल. कॅनडा, ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलं घरच्यांपासून तोडली त्याचं काय झालं ते जगाने पाहिलंय.

ब्रिस्बेनकर:
ऑस्ट्रेलियाचं नाव निघालं म्हणून लिहितो, इथे शाळाखात्याशी संबंधित काम करतो. मुलं घरातून नेण्याचा इतिहास आहेच, १९९७ चा चौकशी अहवाल आणि २००८ मध्ये संसदेत मागितलेली माफी त्याचीच. पण आजही क्वीन्सलँडच्या उत्तरेकडच्या केप यॉर्क भागातल्या बऱ्याच आदिवासी वस्त्यांत हायस्कूल नाही, मग मुलं केर्न्स, टाउन्सव्हिलला बोर्डिंगमध्ये जातात, अ‍ॅबस्टडी नावाची सरकारी मदत मिळते. फरक हा की जातात ती बाराच्या आसपास, सातवीला, सहाव्या वर्षी नाही. क्वीन्सलँडच्या शिक्षणखात्याची ट्रान्झिशन सपोर्ट सर्व्हिस आहे, त्यांची माणसं मूल जायच्या आधी घरच्यांशी बोलतात, शाळेत गेल्यावर भेटत राहतात, आणि मूल शाळा सोडून परत आलं किंवा काढून टाकलं तर दुसरी जागा शोधून देतात. सेंट्रल क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी याच लोकांबरोबर काही वर्षं मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम केलं. संशोधक आणि रोज मुलाला भेटणारा माणूस एकत्र आले की अहवाल कपाटात राहत नाही, मला यातलं हेच घेण्यासारखं वाटतं. बाकी इथेही सगळं छान आहे असं अजिबात नाही, गावात हायस्कूल द्या ही मागणी इथलेही लोक करतात.

डोंगरमास्तर:
ब्रिस्बेनकर, असा एक जरी माणूस आदिवासी विभागाच्या प्रत्येक प्रकल्प कार्यालयात मिळाला तरी मी गप्प बसेन. आमच्याकडे दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, मूल परत आलं नाही की हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा पडतो आणि विषय संपतो. शोधायला मीच जायचं, रविवारी, स्वतःच्या गाडीवर.

रानवाट:
मास्तर, तुमच्या त्या रविवारच्या फेऱ्यांची कुणी नोंद ठेवली असती तर तेच संशोधन झालं असतं हो! कुठल्या महिन्यात, कुठल्या पाड्यावरचं, कशामुळे. जागा भरा हे मला शंभर टक्के मान्य आहे, अधीक्षिका नेमायला कुठल्याही अभ्यासाची वाट बघायची नाही, तापाने फणफणलेल्या मुलीला गाडी मिळायला अहवाल लागत नाही. पण वेळ बदलणं, जेवणाची पद्धत, सरकारी खर्चाने नामांकित इंग्रजी शाळेत पाठवणं, केंद्राच्या एकलव्य निवासी शाळा वाढवणं, यात खूप पैसा आणि मुलांची वर्षं जातात. ते आधी मोजल्याशिवाय करू नका.

गावशाळा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तर अभ्यासातूनच मिळेल. एकाच तालुक्यात पाड्यावर चौथीपर्यंत शिकून पाचवीला आलेली मुलं असतात आणि पहिलीपासून होस्टेलात असलेलीही असतात. त्यांचं वाचन, वजन, आजारपण, गळती शेजारी शेजारी ठेवून बघा. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, हे तिचं काम नाही तर कुणाचं?

गावशाळा:
बघा, पण आकडे माझ्या बाजूने आले तर पाड्यांवरच्या शाळा परत उघडणार का? हे आधी लिहून द्या, मग अभ्यास करा. आणि पाड्यावर शिकलेल्यांच्या घरची परिस्थिती जरा बरी असू शकते, तेही धरा, नाहीतर तुलना चुकेल.

मोहफूल:
गावशाळा, चौथीपर्यंत घरी हे मलाही पटतं. माझ्या मुलीला मी सहाव्या वर्षी पाठवणार नाही. पण ऊसतोडीला जाणाऱ्या आईने काय करायचं, तिच्यामागे पाड्यावर पोराला सांभाळणारं कुणी नसेल तर? तिच्यासाठी पाड्यावरच चार-सहा महिन्यांचं हंगामी वसतिगृह करता येईल का, हे कुणी तिला विचारलंय का? रानवाट ताई, तुमच्या यादीत हा प्रश्न घाला. आणि विचारायला दिवाळीच्या आधी जा, नंतर पाड्यावर कुणी भेटणार नाही.