कॉर्नेलिया मार्विन: पेट्या तिच्या, मग नवऱ्याचा हिशोब कुणाच्या खात्यात?

पानखुणा: अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या या ग्रंथपालबाईंबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. 1905 मध्ये विस्कॉन्सिनमधून त्या ऑरेगनच्या ग्रंथालय आयोगाच्या सचिव म्हणून आल्या. 1913 मध्ये आयोगाचं राज्य ग्रंथालय झालं, त्या ग्रंथपाल झाल्या. ऑरेगनात बायकांना मत मिळालं 1912 मध्ये. म्हणजे सात वर्षं बाई राज्याचं खातं चालवत होत्या आणि मत देऊ शकत नव्हत्या! गावात ग्रंथालय नसेल तर पुस्तकांची पेटी धाडायच्या. आडरानातल्या शेतकऱ्याने पत्र टाकलं तर पुस्तक टपालाने घरपोच. मोठी बाई, माझ्या मते.

तिरका_शेरा: मोठी होती, पण तुमची गोष्ट सोयीच्या जागी थांबते. 1928 मध्ये त्यांनी लग्न केलं ते वॉल्टर पियर्सशी. हा गृहस्थ 1922 मध्ये कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांचं वर्चस्व मागणाऱ्या हिंसक संघटनेच्या पाठिंब्यावर गव्हर्नर म्हणून निवडून आला. तेव्हाच सगळ्या मुलांना सरकारी शाळेची सक्ती करणारा कायदा आला, रोख कॅथलिक शाळांवर. 1925 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा मोडीत काढला, त्या खटल्याला नाव याचंच. पुढे दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या लोकांना परत येऊ देऊ नका म्हणून प्रचार केला तो वेगळाच.

पानखुणा: अहो, नवऱ्याचं पाप बायकोच्या माथी? पुरुष ग्रंथपालाच्या बायकोची मतं कुणी चाळतं का?

तिरका_शेरा: ती नुसती घर सांभाळत असती तर मी गप्प बसलो असतो. नवरा 1933 ते 1943 खासदार होता आणि बाई त्याच्या राजकारणात बरोबरीने राबत होत्या. कोवळ्या नवरीचं भाबडेपण नव्हे हे, पंचावन्न वर्षांची मुरलेली बाई!

बडोदेकर_आजी: तुम्ही दोघं लग्नातच अडकलात. आमच्या सयाजीरावांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला, तेव्हा फिरत्या पेट्या बडोद्याच्या खेड्यांतही गेल्या. त्या पद्धतीचं कौतुक मलाही आहे. पण पेटीत काय भरायचं हे राजधानीत बसलेलं माणूस ठरवणार. मग ते ऑरेगनचं सेलम असो की बडोदा. वाचणाऱ्याने आलेलं वाचायचं. मला खटकतं ते हे.

पानखुणा: आजी, म्हणून तर टपाल महत्त्वाचं! पेटी भरणारी ती, पण पत्र लिहिणारा शेतकरी स्वतःला हवं ते मागत होता. बाकी तिरकेराव, क्लॅनचा मुद्दा मी वर लिहायला हवा होता, मान्य. तरी तेवीस वर्षांचं काम त्याने पुसत नाही.

तिरका_शेरा: पुसा कोण म्हणतंय? शेजारी लिहा.

बडोदेकर_आजी: आणि लग्न झालं नि ग्रंथपालपद सुटलं, हे कुणालाच खटकलं नाही? नवऱ्याचं काय सुटलं?