मदत हवी आहे: वेदीवरच्या लाकडी पक्ष्याखाली पिल्लं की ज्वाळा?

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीतल्या छोट्या कपेलची (प्रार्थनाघराची) लाकडी वेदी दुरुस्तीला काढली आहे. बाकीची चिन्हं लागली: ताटलीत दोन डोळे म्हणजे संत लुसी, किल्ल्या म्हणजे संत पेत्र, कोकरू म्हणजे ख्रिस्त. अडलंय ते पवित्र भाकर ठेवायच्या पेटीच्या दारावरच्या पक्ष्यापाशी.

मान वाकवून त्याने डोकं स्वतःच्या छातीला टेकवलंय. चोच तुटलेली. खाली तीन टोकदार उंचवटे, वाळवीने पार पोखरलेले.

फादर म्हणतात, हा पेलिकन, म्हणजे मोठ्या चोचीचा पाणपक्षी. तो छाती फोडून स्वतःच्या रक्तावर पिल्लं जगवतो अशी फार जुनी समजूत, म्हणून ते ख्रिस्ताच्या बलिदानाचं चिन्ह. पेटीच्या दारावर ते शोभतंही. वाडीतली जुनी माणसं मात्र हंस म्हणतात. मान हंसासारखी आहे हे खरं, पण युरोपातही पेलिकन कितीदा हंसासारखाच कोरलेला दिसतो. कबूतर नक्की नाही, पवित्र आत्म्याचं कबूतर पंख पसरून खाली झेपावतं. शंका येते ती फिनिक्सची, म्हणजे जळून राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या कल्पित पक्ष्याची, कारण तो पुनरुत्थानाचं चिन्ह आणि त्याच्याखाली ज्वाळा असतात.

जुना फोटो किंवा नोंद कुठेच सापडली नाही. रंग खरवडता येत नाही, खाली सोन्याचा वर्ख दिसतोय. सुतार हुशार आहे, पण अंदाजाने कोरायला तयार नाही, आणि ते बरोबरच आहे.

सिंधुदुर्ग, गोवा किंवा वसईकडच्या जुन्या वेदीवर असा पक्षी कुणी जवळून पाहिलाय का? तिथे उंचवट्यांना चोची होत्या की नुसती टोकं?